नाक दाबून पाजलेली पेज

"मॅडम, मंग ताप किती दिसानं येते?"

प्रश्न तिसऱ्या रांगेतून आला. पंचायत समितीच्या सभागृहात चाळीस अंगणवाडी सेविका बसल्या होत्या. पंखे फिरत होते, पण वारा कोणालाच लागत नव्हता. जेवणाच्या सुट्टीला पंधरा मिनिटं उरली होती. मी नुकतंच फळ्यावर घशाचं चित्र काढलं होतं. दोन नळ्या, एक अन्नाची आणि एक श्वासाची. मूल रडत असताना किंवा आडवं असताना तोंडात काही ओतलं, तर ते श्वासाच्या नळीत जाऊ शकतं, एवढं सांगून झालं होतं. मुलाला ठसका लागतो, ते निळं पडतं. पाठीवर थोपटलं की शांत होतं. आपण म्हणतो, चला, निभावलं. पण छातीत उतरलेली पेज तिथेच राहते आणि मग न्यूमोनिया होतो.

"एक-दोन दिवसांत येतो," मी म्हटलं. "कधीकधी त्याच संध्याकाळी."

विचारणाऱ्या शीलाबाई गजभिये होत्या. त्या खाली बसल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. पुढचा मुद्दा घेतला.

ही २०१० नंतरची गोष्ट. मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यात बाल विकास प्रकल्पात पर्यवेक्षिका होते. लोक सुपरवायझर म्हणतात. वीस-पंचवीस अंगणवाड्या एका सुपरवायझरकडे असतात. तिथे जायचं, रजिस्टरं तपासायची, मुलांची वजनं बघायची आणि शेरेबुकात शेरा लिहायचा. शेरेबुक म्हणजे भेटीला आलेल्या अधिकाऱ्याने काय पाहिलं आणि काय हुकूम सोडला याची वही. मला शेरे लिहायला आवडायचे. अक्षर चांगलं होतं आणि जीभ तिखट होती. सेविका मला घाबरायच्या, आणि खरं सांगायचं तर ते मला बरं वाटायचं.

त्या दिवशीच्या ट्रेनिंगचा विषय कागदावर 'प्रतिसादात्मक आहार पद्धती' असा होता. हे असले शब्द कोण तयार करतं देव जाणे. मी सेविकांना सांगायचे, "लेकराचं तोंड बघून भरवणं." मुलाला बसतं करायचं, समोर बसायचं, त्याच्याशी बोलायचं. त्याने तोंड उघडलं की घास द्यायचा. मान फिरवली की थांबायचं आणि थोड्या वेळाने परत विचारायचं. ऐकायला सोपं आहे. करायला फार कठीण, कारण याला वेळ लागतो आणि आमच्याकडच्या बायांकडे तोच नसतो. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत, बाई उजाडता उजाडता बांधीत, धानाच्या शेतात, उभी असते. घरातून निघण्याआधी मुलाच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे. मग पाय लांब पसरायचे, मुलाला पायांच्या खोलगट भागात उताणं झोपवायचं, दोन बोटांनी नाक दाबायचं आणि श्वासासाठी तोंड उघडलं की वाटीच्या कडेने पातळ पेज ओतायची. पाच मिनिटांत काम होतं. मूल रडतं, पण गिळतं. वाटी रिकामी होते. आईला वाटतं, जेवलं बिचारं.

जेवणानंतर मी सेविकांच्या जोड्या लावल्या. एकीने मूल व्हायचं आणि हात पाठीमागे बांधायचे. दुसरीने तिला खिचडी भरवायची. अट अशी की बोलायचं नाही, चेहऱ्याकडे बघायचं नाही आणि दोन मिनिटांत वाटी संपवायची. सुरुवातीला सगळ्या हसतात. एक मिनिटानंतर हसणं थांबतं. तोंडातला घास गिळायच्या आत दुसरा चमचा दातांवर आपटला की मोठ्या बाईच्याही डोळ्यांत पाणी येतं. त्यानंतर समजावून सांगायला फारसं काही उरत नाही.

शीलाबाई भरवणाऱ्या होत्या. चमचा हातात होता आणि हात जागचा हलत नव्हता.

"काय झालं? टाइम चालू आहे," मी म्हटलं.

"मले नाई जमत मॅडम."

"पंधरा वर्षं लेकरांना भरवता आणि आता जमत नाही?"

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि उठून व्हरांड्यात गेल्या. मला राग आला. माझ्या ट्रेनिंगमधून कोणी उठून जात नसे. मी मागोमाग गेले ती झापायलाच.

त्या खांबाला टेकून उभ्या होत्या. रडत नव्हत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, सुजल आठवते का तुमाले?"

मला आठवत होता, पण कसा, तेही सांगते. मला चेहरा आठवला नाही. मला त्याचा लाल ठिपका आठवला.

अंगणवाडीत प्रत्येक मुलाचा एक तक्ता असतो. वयाप्रमाणे वजन मांडायचं. हिरव्या पट्ट्यात मूल चांगलं, पिवळ्यात जपायला हवं, लाल पट्ट्यात जिवाला धोका. अशा मुलांसाठी गावातच महिनाभर बाल विकास केंद्र चालवायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडं थोडं, पुन्हा पुन्हा भरवायचं आणि वजन वाढतंय का ते बघायचं. योजना चांगली होती. वाईट होती ती आमची मीटिंग. दर महिन्याला कोणाच्या बीटमध्ये, म्हणजे हद्दीतल्या अंगणवाड्यांत, किती लाल, याची यादी सगळ्यांसमोर वाचली जायची. ज्याचे लाल कमी होत नसत, त्याला उभं करायचे. एका महिन्यात मला उभं केलं. माझ्याकडे लाल मूल एकच उरलं होतं. सुजल. वीस महिन्यांचा. चोरखमारा तलावाच्या कालव्यावर धान पिकवणाऱ्या एका गावचा. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी त्या गावात गेले आणि शीलाबाईंच्या शेरेबुकात लिहिलं: 'सदर बालक पुढील वजनापूर्वी लाल श्रेणीतून बाहेर आलेच पाहिजे. कोणतीही सबब ऐकली जाणार नाही.' खाली सही केली आणि तोंडानेही चार शब्द सुनावले. सुजलला मांडीवर घेतलं होतं का? नाही. तो का खात नाही, तोंडात फोड आहे की पोटात जंत आहेत, हे विचारलं का? तेही नाही.

पंधरा दिवसांनी मूल गेलं. माझ्याकडे रिपोर्ट आला: ताप, धाप लागणे, दवाखान्यात नेताना वाटेत मृत्यू. मी सही करून पुढे पाठवला. कोणीही काही विचारलं नाही. पावसाळ्यात तापाने मूल जाणं ही आमच्या कार्यालयात नवी गोष्ट नव्हती.

व्हरांड्यात शीलाबाई सांगत होत्या. "त्या दिशी तो तोंडच उघडे ना. सकाऱपासून काईच नाई खाल्लं त्यानं. दुसऱ्या दिशी वजन होतं. मंग म्या त्याले पायावर घेतलं. नाक दाबलं. दोन वाट्या गेल्या. तिसरीले ठसका आला. निळा झाला पोरगा. उलटा करून पाठीवर मारलं त रडला. मले वाटलं, वाचला. सांजेले त्याची माय ममता रोवणीवरून आली, तिच्या कडेवर देल्ला. तिले सांगतलं नाई मी. ठसका त साऱ्याच लेकराइले लागते. दुसऱ्या दिशी ताप भरला. तिसऱ्या दिशी गेला."

"शीलाबाई," मी म्हटलं, "हे नक्की सांगता येत नाही. आधीपासून सर्दी असेल. लाल मुलाला काहीही होऊ शकतं."

"तुमाले नसन सांगता येत. मले येते."

त्यांचं म्हणणं बहुधा खरं होतं. पण त्याच वेळी डोक्यात दुसरंच चाललं होतं. हे कोणाच्या कानावर गेलं तर बाईची नोकरी जाईल, आणि शेरेबुकातलं ते पान कोणीतरी उघडेल. यातली कोणती काळजी आधी आली, हे मला पक्कं आठवतं. सांगायला लाज वाटते, पण दुसरी आधी आली.

शीलाबाईंना नोकरीचं काही पडलेलं दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या, "ममताले पोरगी झाली मॅडम. आठ महिन्याची हाये आता. ते तिलेबी तसंच पाजते, नाक दाबून. मी रोज त्या गल्लीतून येतो. पोरीचा आवाज आयकतो. तिले वाटते, सुजल तापानं गेला. रोवणी लागाले पंधरा दिवस हायेत. मंग त ते अंधारातच उठन आन भराभर पाजन."

आता प्रश्न साफ होता. 'ताप' लिहिलेल्या सुजलच्या रिपोर्टवर मी सही केली होती. त्या सहीमुळे ममताच्या हातून तेच पुन्हा होत होतं, आणि पंधरा दिवसांनी ते आणखी घाईत होणार होतं.

मी म्हटलं, "आपण जाऊ. पण तुम्ही काही बोलायचं नाही. सुजलचा विषय काढायचा नाही. मी तिला नीट शिकवते."

"बरं," त्या म्हणाल्या.

शीलाबाईंबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. त्या गावच्या बौद्ध वस्तीतल्या. सेविका म्हणून लागल्या तेव्हा गावातली काही घरं मुलांना अंगणवाडीत पाठवायची, पण तिथला आहार खाऊ द्यायची नाहीत. शीलाबाईंनी भांडण केलं नाही. रोज दारात जाऊन मुलं आणायची, न्हाणून-पुसून घ्यायची, ताप आला तर घरी जाऊन बसायचं. पाच-सहा वर्षांत सगळ्यांची मुलं त्यांच्या हातचं जेवायला लागली. माझ्या बीटमधली ती सगळ्यात चांगली अंगणवाडी होती. त्यांनी माझा कुठलाही शेरा कधी अपुरा ठेवला नाही. अडचण नेमकी तिथेच झाली होती.

तीन दिवसांनी मी गोंदियाहून सकाळची एसटी पकडून गावात गेले. ममता रहांगडाले घरीच होती. विशी-बाविशीची असेल. अंगणात तिची सासू धान पाखडत होती. शीलाबाई आणि मी दारात पोचलो तेव्हा ममता पाय पसरून बसली होती आणि मुलगी पायांवर उताणी होती. नाकावर दोन बोटं. पेज गळ्यात जाताना होणारा घळघळ आवाज मी दारातून ऐकला. शीलाबाई उंबऱ्यावरच थांबल्या.

मी शिकवायला सुरुवात केली. मुलीला उचलून मांडीवर बसवलं. तोंड पुसलं. दोन नळ्यांचं चित्र काढलं. बसवून चमच्याने, थांबून थांबून भरवायला सांगितलं. ममता 'हो मॅडम', 'हो मॅडम' म्हणत होती. लोक असं 'हो' म्हणायला लागले की समजावं, आपलं बोलणं संपायची वाट बघताहेत.

सासूने सूप खाली ठेवलं आणि ती आत आली. "आमच्या घरची सारी लेकरं अशीच वाढली बाई. यायचा बापबी असाच वाढला. इतका येळ बसत बसन त रोवना कोन करन? तुमी येता का बांधीत?"

"पण धोका असतो हो आजी. छातीत जातं."

आता ममता बोलली. "पेजीनं कोनी मरते का मॅडम? सुजललेबी असंच पाजत होतो. तो त तापानं गेला. तुमच्याच कागदावर लिवलं हाये."

याचं उत्तर मला माहीत होतं, पण ते मी देत नव्हते. मी पुन्हा चित्राकडे बोट दाखवून तेच सांगायला लागले. आवाज मात्र माझा मलाच पोकळ वाटत होता.

तेवढ्यात शीलाबाई आत आल्या आणि ममतासमोर जमिनीवर बसल्या.

"तापानं नाई गेला वं ममता. ताप मंग आला. आधी माया हातून त्याच्या छातीत पेज गेली."

त्यांनी सगळं सांगितलं. व्हरांड्यात मला सांगितलं होतं तसंच, एकही शब्द मऊ न करता. माझ्या शेऱ्याचा उल्लेख मात्र केला नाही. वजन होतं म्हणून पाजलं, एवढंच म्हणाल्या.

ममता ऐकत होती. तिने मुलीला मांडीवर घट्ट धरलं होतं. मग तिने विचारलं, "ठसका किती वाजता लागला?"

"दुपारी. तीनच्या सुमारास."

"मंग सांजेले म्याबी पाजलं त्याले," ममता म्हणाली. "तो घेत नव्हता. आंग गरम होतं. म्हनलं, पोटात काई नाई म्हनून गरम हाये. त जास्तच दाबून पाजलं. दुसऱ्या दिशीबी पाजलं, ताप असताना. तीन-चारदा. ठसका त दरखेपी लागे."

हे आम्ही दोघींनी धरलंच नव्हतं. खरं सांगितलं की ती रडेल, शिव्या देईल, कदाचित शीलाबाईंच्या अंगावर धावून जाईल, इथपर्यंत मी विचार केला होता. खरं तिच्या स्वतःच्या हातांपर्यंत पोचेल, हे सुचलंच नाही. मी घाईघाईने म्हटलं, "कोणामुळे झालं हे कोणीच सांगू शकत नाही, ममता. तू असा विचार करू नकोस." ममता आपल्या बोटांकडे बघत होती. तिने मुलीला सासूकडे दिलं आणि मागच्या दाराने परसात गेली. तिकडून ओकल्याचा आवाज आला.

सासूने मात्र जे ऐकायचं तेवढंच ऐकलं होतं. ती उभी राहिली. "म्हनजे या बाईनं मारलं माया नातवाले! आन सालभर आमच्या दारावरून जाऊन राहिली!"

मी मधे पडले. आजी, असं नाही, ऐका तरी. पण तोपर्यंत ती अंगणात गेली होती, अंगणातून रस्त्यावर. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत सहा मुलं आली. तिसऱ्या दिवशी दोन, आणि ती दोन्ही शीलाबाईंच्या वस्तीतली होती. पंधरा वर्षांपूर्वी जी घरं मुलांना आहार खाऊ देत नव्हती, ती सगळ्यात पुढे होती. बोलणं पेजेचं होतं, राग जुना होता. ग्रामपंचायतीच्या शिक्क्याने तक्रार आली: सेविकेच्या हातून बालकाचा मृत्यू, सेविका बदलून मिळावी.

आमचे प्रकल्प अधिकारी गोंदियाचेच. मराठीत सुरुवात करायचे आणि चिडले की हिंदीवर जायचे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, एक साल पुरानी फाइल. बंद झाली होती. आपको क्या जरूरत थी?"

"सर, त्या घरात दुसरं मूल आहे."

"वो ठीक है. पण हे काम शांतपणे करता येत नव्हतं का?"

"करून बघितलं सर. ऐकलं नाही त्यांनी."

ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "चौकशी लावावी लागेल. तुम्ही सोबत असाल. रेकॉर्ड सगळं तयार ठेवा."

चौकशी अंगणवाडीतच झाली. भिंतीवर अंक आणि फळांची चित्रं, खाली छोट्या सतरंज्या. साहेबांना खुर्ची, मला खुर्ची, शीलाबाई उभ्या. मी त्यांना बसा म्हटलं नाही. साहेब समोर असताना सेविकेला आपण बसा म्हणत नाही, तशी पद्धतच होती.

"बालकाला अशा प्रकारे पाजण्याबाबत तुम्हाला कोणी सूचना दिली होती का?"

"नाई सर."

"कोणाचा दबाव होता?"

शीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. "नाई सर," त्या म्हणाल्या. "मायाच मनानं पाजलं."

टेबलावर शेरेबुक होतं. साहेबांनी पानं उलटली. त्या पानावर थांबले. माझं चांगलं अक्षर. त्यांनी वाचलं, चष्मा नाकावर सारला आणि वही मिटली. त्यांचीही अडचण होती. मीटिंगमध्ये मला उभं करणारे तेच होते.

मग ममताला बोलावलं. सासू सोबत आली. साहेबांनी विचारलं, "घरी बाळाला कसं पाजत होता?"

"चमच्यानं," सासूच म्हणाली. "बसवून."

साहेबांनी ममताकडे पाहिलं. ममता मान खाली घालून उभी होती. तिने नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. खाली जबाबात लिहिलं गेलं: 'घरी चमच्याने, बसवून.' मी त्या घरात घळघळ आवाज ऐकला होता. ममताच्या तोंडून सगळं ऐकलं होतं. मला बोलता आलं असतं. पण मी बोलले असते तर मग सगळंच बोलावं लागलं असतं, पानासकट. मी जबाबाचा कागद पुढे सरकवला आणि अंगठा कुठे लावायचा ते सासूला दाखवलं.

ममतावर मला राग नाही. बावीस वर्षांची पोर, सासू शेजारी उभी, घरात एक मूल गेलेलं. ती कोणत्या तोंडाने बोलणार होती? माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं, नोकरी पक्की होती आणि माझ्या शेजारी कोणाची सासू उभी नव्हती.

महिन्याभरात शीलाबाईंची सेवा समाप्त झाली. आदेश द्यायला मीच गेले. ते सुपरवायझरचं काम असतं. त्यांनी किल्ल्या, वजनकाटा, रजिस्टरं एकेक करून मोजून दिली. मी म्हटलं, "शीलाबाई, मी बोलायला हवं होतं."

"हो, पायजे होतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पोरीचं वजन घेत जा दर महिन्याले. नवी बाई येवोस्तोवर विसरान तुमी लोक."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ द्या मॅडम. बायका आपल्याकडे असंच म्हणतात. त्या तसं म्हणाल्या नाहीत, आणि बरोबरच होतं ते.

मी दर महिन्याला वजन घेतलं. त्या रोवणीत मी सलग चार दिवस भल्या सकाळी पहिल्या गाडीने त्या गावात गेले. ममता मुलीला मांडीवर बसवून चमच्याने भरवत होती. मुलीने तोंड फिरवलं की चमचा खाली ठेवायची आणि नुसती बघत बसायची. रोवणीला उशीर व्हायचा. बांधीतून हाका यायच्या. सासू दारात उभी राहून बडबडायची. ममता हलायची नाही. तिला आता भरवताना भीती वाटत होती, एका एका घासाची. अशी भीती घालून शिकवायचं नसतं, असं आमच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. पण मुलगी पिवळ्यातून हिरव्यात गेली. आता ती शाळेत जाते. ममता माझ्याशी त्यानंतर कधी कामाशिवाय बोलली नाही. शीलाबाई गोंदियाला बहिणीकडे गेल्या आणि विड्या वळायला लागल्या, असं कळलं. भेटायला जावं असं बऱ्याचदा वाटलं. गेले नाही.

पुढच्या वर्षी मला मास्टर ट्रेनर केलं. म्हणजे इतर ट्रेनरना शिकवणारी. ऑर्डरमध्ये लिहिलं होतं की या विषयात माझा अनुभव मोठा आहे. निवृत्त होईपर्यंत मी तेच काम केलं, जिल्हाभर. सुजलची गोष्ट मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगायचे, कारण ती सांगितली की पुन्हा नाक दाबायला बायांचा हात धजत नसे. नावं बदलून सांगायचे. एक मूल, एक सेविका, एक मॅडम, एक शेरा. कोणी विचारलं नाही की ती मॅडम कोण.

शेवटच्या वर्षी सौंदडकडच्या एका ट्रेनिंगमध्ये गोष्ट सांगून झाली. मागच्या रांगेत एक मदतनीस बसली होती. मदतनीस म्हणजे अंगणवाडीत स्वयंपाक करणारी, भांडी घासणारी बाई. तिला ट्रेनिंगमध्ये कोणी काही विचारत नाही आणि ती पण बोलत नाही. तिने हात वर केला.

"मॅडम, त्या सेविकेले काढलं म्हनता. मंग थो शेरा लिवनाऱ्या बाईचं का झालं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खडू ठेवला.

"तिला प्रमोशन मिळालं," मी म्हटलं. "ती आत्ता तुम्हाला शिकवते आहे."

ती मदतनीस अजून उभीच होती. म्हणाली, "मंग हे आधी काऊन नाई सांगतलं?"

त्या ट्रेनिंगचा फीडबॅक फॉर्म माझ्याकडे अजून आहे. तिने त्यावर अंगठा लावला होता, आणि शेजारच्या सेविकेकडून एक ओळ लिहून घेतली होती: 'शिकवणं चांगलं होतं. मॅडम उशिरा बोलल्या.' तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो शेरे लिहिले. माझ्यावर कोणी बरोबर लिहिलेला हा एकच.